वसंताआधीची बाग: आधी नख, मग कात्री

थंडी ओसरायला लागली, दोन-चार दिवस ऊन जरा चढलं, की हात शिवशिवायला लागतात. वाळकं दिसेल ते छाटून टाकावं, वाफे खणावेत, खत घालावं आणि मोकळं व्हावं असं वाटतं. बागेचं बरंचसं नुकसान याच उत्साहात होतं. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही कात्री बाहेरच काढत नाही. बरोबर घ्यायचं ते लाल दोऱ्याचं रीळ आणि एक वही. बाकीचं काम अंगठ्याचं नख करतं.

काडीच्या टोकाशी साल नखाने अगदी हलके खरवडायची, तांदळाच्या दाण्याएवढीच. खाली ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर काडी जिवंत आहे. कोरडं, तपकिरी दिसलं तर तेवढा भाग गेला. मग वीतभर खाली पुन्हा खरवडायचं. असं उतरत उतरत जिथे हिरवं लागेल तिथे दोरा बांधायचा. काडी वाकवून पाहण्याचीही एक पद्धत आहे. मेलेली कट्‌कन मोडते, जिवंत वाकते. पण गारठलेली कोवळी काडी जिवंत असूनही मोडते, त्यामुळे भरवसा नखावरच ठेवावा. एकाच काडीवरून अख्ख्या झुडपाचा निकाल लावू नये. वाऱ्याच्या तोंडावरच्या काड्या गेलेल्या आणि आडोशाच्या धडधाकट, असं नेहमी होतं.

काही झुडपांत जमिनीपर्यंत हिरवं सापडतच नाही. तीही लगेच उपटायची नसतात. मूळ शाबूत असेल तर बुडातून फूट येते. बडलिया आणि थंडीत पानं गाळणारी जास्वंद तर मुळातच उशिरा जाग्या होतात; शेजारची झुडपं पानांनी भरली तरी या ढिम्म. अशांच्या बुडाशी दोरा बांधायचा, वहीत नोंद करायची आणि पुढे जायचं.

दोरा बांधला म्हणून लगेच कापायचं असंही नाही. रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पुन्हा पडण्याची शक्यता आहे तोवर करपलेली टोकं तशीच राहू द्यायची. ही मेलेली टोकं खालच्या डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या न फुटलेल्या अंकुरांना, थोडा आडोसा देतात. शिवाय काप घेतला की त्याखालचे डोळे फुटायला लागतात आणि ती कोवळी फूट पुढच्या कडाक्यात पहिली जाते. झाडाने साठवलेली ताकद दोनदा खर्च होते.

याच फेरीत आणखी काही गोष्टी वहीत उतरवायच्या: एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, सालीवरचे खोलगट काळपट व्रण, खोडावर उगवलेली अळंबी, काड्यांना चिकटलेले अंड्यांचे पुंजके, आधाराच्या काठीची सालीत रुतलेली दोरी. माती गोठून पुन्हा सैल झाली असेल तर गेल्या वर्षी लावलेली लहान रोपं मुळांसकट वर उचलली गेलेली दिसतात. ती मात्र त्याच दिवशी तळव्याने दाबून बसवावीत, उघडी पडलेली मुळं दोन दिवसांत वाळतात.

आता छाटणी. इथे एकच प्रश्न सगळं ठरवतो: हे झुडूप जुन्या काडीवर फुलतं की नव्या? लायलॅक, फोर्सिथिया, अझेलिया आणि मोठ्या गोल गुच्छांची हायड्रेंजिया यांचे फुलांचे डोळे गेल्या हंगामातच तयार होऊन बसलेले असतात. हिवाळ्याच्या शेवटी यांना नीटनेटकं करायला गेलं की झुडूप जोमदार राहतं, पानं भरपूर येतात आणि फूल एकही नाही. मग खताला दोष दिला जातो. यांची छाटणी फुलं ओसरल्यावर लगेच. गुलाब, बडलिया, जास्वंद, बोगनवेल, शंकूसारख्या गुच्छांची हायड्रेंजिया ही नव्या फुटीवर फुलतात. यांना आता कापलं तर फूट जोरात येते. ओळख नसलेल्या झुडपाला एक वर्ष हात न लावता फुलायची वेळ लिहून ठेवणं उत्तम. वसंताच्या सुरुवातीलाच फुललं तर ते पहिल्या गटातलं, उन्हाळ्यात फुललं तर बहुतेक दुसऱ्या. डोळ्यांवरूनही अंदाज बांधता येतो. फुलाचा डोळा गुबगुबीत असतो, पानाचा निमुळता आणि काडीला चिकटलेला.

जुन्या काडीवर फुलणारं झुडूप फारच माजलं असेल तर त्याला वरून सपाट करू नये. सगळ्यात जाड, जुन्या काड्यांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापाव्या, उरलेल्या ठेवाव्या. तीन वर्षांत झुडूप नवं होतं आणि एकही वर्ष बिनफुलाचं जात नाही.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घ्यायचा तो एक धारदार पातं दुसऱ्या बोथट आकड्याला घासून जाणारा. पातं सपाट पट्टीवर येऊन आपटणारा प्रकार वाळक्या लाकडाला ठीक, ओली काडी तो चिरडतो. धार फक्त उतरत्या बाजूने लावायची, मूळच्या उताराचाच कोन धरून, साधारण 20 ते 25 अंश. सपाट बाजूवर दगड फक्त कणी, म्हणजे धार लावताना उलटलेली बारीक कड, काढण्यापुरता एकदा फिरवायचा. ती बाजू घासली की दोन पात्यांत फट पडते आणि कात्री काडी कापण्याऐवजी तिची साल सोलून दुमडते. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना 70 टक्के अल्कोहोलने पातं पुसावं. ब्लीचनेही जंतू मरतात, पण पोलाद गंजतं.

काप डोळ्याच्या साधारण 5 मिलिमीटर वर घ्यायचा, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतरता. फार वर घेतला तर वरचा खुंटा वाळतो आणि ती वाळ खाली सरकते. फार जवळ घेतला तर डोळाच सुकतो. ज्यांचे डोळे समोरासमोर जोडीने असतात त्यांना आडवा सरळ काप. झुडपाच्या बाहेर तोंड केलेला डोळा निवडावा, म्हणजे पुढची फांदी बाहेर जाईल आणि मध्यात हवा खेळेल.

गुलाबाला यापेक्षा जास्त निर्दयपणे कापलं तरी चालतं. लांब दांड्याच्या फुलांचा गुलाब असेल तर बाहेरच्या बाजूला पसरलेल्या तीन ते पाच निरोगी काड्या ठेवायच्या, 30 ते 45 सेंटिमीटर उंचीच्या. पेन्सिलीपेक्षा बारीक असलेल्या सगळ्या काढायच्या. काप घेतल्यावर काडीच्या मधोमध असलेला गर बघावा. तो पांढरा किंवा फिकट असेल तर थांबायचं. तपकिरी असेल तर आणखी एक डोळा खाली, पुन्हा बघायचं, गर पांढरा लागेपर्यंत. वरून हिरव्यागार दिसणाऱ्या काडीचा गर पुष्कळदा करपलेला निघतो आणि ती काडी फुटून, पानं काढून, उन्हाचा पहिला चटका बसला की मान टाकते. कलमाच्या गाठीखालून आलेले फुटवे खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याचे, असतात. ते कात्रीने कापले की एकाचे चार होतात. माती बाजूला करून फुटव्याचा उगम शोधावा आणि खाली ओढून फाडून काढावा, म्हणजे बुडाचे झोपलेले डोळेही निघून येतात.

झाडांच्या बाबतीत सफरचंद आणि नासपती आता छाटावीत. चेरी आणि आलूबुखार यांना या दिवसांत हात लावू नये; ओल्या गार हवेत त्यांच्या जखमांतून पानं चंदेरी करणारा बुरशीरोग शिरतो, त्यांची छाटणी कोरड्या उन्हाळ्यात. मेपल, बर्च आणि द्राक्षवेल आता कापल्या की टपटप रस गळतो. बघवत नाही, पण झाडाला त्याने सहसा काही होत नाही.

मनगटाएवढी किंवा त्याहून जाड फांदी एका झटक्यात कापू नये. निम्मी चिरली की ती स्वतःच्या वजनाने तुटते आणि खाली येताना खोडाची हातभर साल सोलून नेते. ती जखम झाड आयुष्यभर बाळगतं. त्यामुळे काप तीन. पहिला खोडापासून सुमारे 30 सेंटिमीटरवर, फांदीच्या खालून, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे, वरून, आरपार. फांदी पडते आणि फाटत आलेली साल पहिल्या कापाशी थांबते. मग हातात उरतो तो हलका खुंटा, आणि तिसरा काप सावकाश घेता येतो. फांदी खोडाला मिळते तिथे सालीची फुगीर, सुरकुतलेली कड असते, जाड मानेवर वळ्या पडाव्या तशी. हिला कॉलर म्हणतात. काप हिच्या लगेच बाहेर. कॉलरसकट खोडालगत सपाट कापणं ही जुनी चूक, कारण जखम बंद करणाऱ्या पेशी कॉलरमध्येच असतात. लांब खुंटा सोडणं ही उलट चूक. तो कुजतो आणि कूज आत नेतो. बरोबर कापलेल्या जागी पुढच्या वर्षी सालीची गोल कडी चहूबाजूंनी सारखी भरून येताना दिसते. ती लंबगोल आली, वरखाली भरलीच नाही, तर काप खोडाला फार चिकटून गेला असं समजावं.

जखमेवर रंग किंवा डांबर लावण्याची सवय अजून सुटत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम बरी करत नाही, ती आतल्या आत कोंडून टाकतं. रंगाने या कामाला मदत होत नाही, उलट त्याखाली ओल धरून राहते. एका हंगामात झाडाचा पाव भागाहून जास्त डोलारा काढू नये. काढला तर घाबरलेलं झाड फांद्यांवर सरळ वर जाणाऱ्या वांझ फुटव्यांचं रान उभं करतं आणि पुढची तीन वर्षं तेच काढण्यात जातात. शिडीवरून करवत चालवावी लागत असेल किंवा वर तारा असतील तर ते काम जाणत्या माणसाकडे द्यावं.

डोळे अजून मिटलेले असतात तेव्हाच फवारणीची संधी असते. खवले कीड आणि कोळी किडीची अंडी यांच्यावर बागायती तेलाचा थर बसला की ती गुदमरून मरतात. साधारण प्रमाण लिटरला 20 मिलिलिटर, पण डब्यावर लिहिलेलं प्रमाण शेवटचं. फवारल्यानंतर दिवसभर तरी तापमान गोठणबिंदूखाली जाणार नाही असा कोरडा, वारा पडलेला दिवस निवडावा. गंधक फवारलं असेल तर महिनाभर तेल नाही. निळसर स्प्रूसवर तर फवारूच नये. त्याची निळी झाक म्हणजे पानांवरचा मेणाचा थर, तो तेलात विरघळतो आणि झाड साधं हिरवं होऊन बसतं.

गेल्या वर्षी पीचची पानं फुगून, लालसर होऊन वळली असतील तर बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारावं. 1885 मध्ये फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून हे जगभर गेलं आणि अजून टिकून आहे. एक टक्क्याच्या 10 लिटर मिश्रणाला 100 ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना लागतो. मोरचूद पुरचुंडीत बांधून 5 लिटर पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर टांगून ठेवावं. तळाशी टाकलं तर सकाळी तसंच पडलेलं सापडतं. चुना थोड्या पाण्यात विझवायचा, उकळी बसून गार झाला की पाणी घालून 5 लिटर करायचा आणि फडक्यातून गाळायचा, नाहीतर पंपाचं तोंड चोंदतं. दोन्ही गार द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात ओतत ढवळायची. लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली नको. मग घासून लखलखीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात बुडवावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलं आहे आणि ते डोळे जाळेल. चुन्याचं पाणी थोडं थोडं घालून, खिळा पुन्हा घासून, थर न येईपर्यंत बघायचं. मिश्रण त्याच दिवशी संपवावं, दुसऱ्या दिवशी ते काडीला चिकटत नाही. पीचवर ही फवारणी डोळे फुगण्याआधीच. बुरशी डोळ्याच्या खवल्यांत दबा धरून असते, डोळा उघडला की ती आत पोचते आणि मग कितीही फवारा, पानं वळतातच. तांबं मातीत साठत जातं, पाण्यातल्या माशांना मारतं. म्हणून जिथे रोग पाहिला तिथेच, हातमोजे आणि चष्मा लावून.

आता माती. इथे सगळा प्रश्न वाफशाचा, म्हणजे माती न चिकटता भुसभुशीत फुटेल इतकीच ओल उरण्याचा. वरची माती उन्हाने पांढुरकी झाली तरी खाली चिखल असतो, म्हणून वितीच्या खोलीवरची मूठभर माती काढून दाबायची. गोळा झाला की बोटाने टोचायचं. भुसभुशीत फुटला तर वाफसा आहे. बोटाचा ठसा उमटून गोळा तसाच राहिला, बोटाला चकचकीत चिकणमाती लागली, तर अजून थांबायचं. ओल्या मातीत कुदळ घातली की पातं ती लिंपून गुळगुळीत करतं, ढेकळं वाळून विटेसारखी होतात आणि पूर्ण हंगाम तशीच राहतात. ओल्या वाफ्यात पायही ठेवू नये. जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर उभं राहावं.

वाफसा आल्यावरही खोल उलथापालथ लागत नाही. दाताळं 15 ते 20 सेंटिमीटर रुतवून, दांडा मागेपुढे हलवून माती सैल केली की पुरे. तण आत्ताच काढावं, पण हरळीसारख्या गाठीच्या तणाला खुरप्याने तोडायचं नाही. प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. सैल मातीतून मूळ पूर्ण ओढून घ्यायचं.

वाफ्याची रुंदी 1.2 मीटर असली की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. अशा 3 मीटर लांब वाफ्याचं क्षेत्र 3.6 चौरस मीटर, त्यावर 3 सेंटिमीटर कंपोस्टचा थर म्हणजे 108 लिटर, दहा लिटरच्या अकरा बादल्या. हा हिशेब आधी न केल्यामुळे पहिल्या कोपऱ्यात वीतभर आणि शेवटच्या कोपऱ्यात नावापुरतं खत पडतं. कंपोस्ट कुजलेलं हवं. वास मातीचा यावा, हाताला ऊब लागू नये. कच्चा भुसा किंवा लाकडाचे तुकडे मातीत मिसळू नयेत. ते कुजवणारे जीवाणू मातीतला नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. वरून पसरले तर मात्र ही अडचण येत नाही.

रासायनिक खत द्यायचंच तर डोळे फुगल्यावर. 10-10-10 खतात शंभराला 10 ग्रॅम नत्र असतं. चौरस मीटरला 5 ग्रॅम नत्र हवं तर खत 50 ग्रॅम, वरच्या वाफ्याला 180 ग्रॅम. झुडपाला देताना बुंध्याशी ढीग नको, खाणारी मुळं डोलाऱ्याच्या कडेखाली आणि त्याबाहेर असतात. नत्र जास्त झालं की फूट लुसलुशीत येते आणि त्यावर मावा तुटून पडतो.

आच्छादन सगळ्यात शेवटी, माती हाताला गार लागेनाशी झाल्यावर. आधी घातलं तर ते थंडीच कोंडून ठेवतं. जाडी 5 ते 8 सेंटिमीटर, आणि खोडाभोवती 10 सेंटिमीटर जागा मोकळी. खोडाला टेकवून रचलेला शंकू दिसायला छान, पण आत साल सतत ओली राहते, उंदीर आडोसा धरून ती कुरतडतात आणि झाड त्या ओल्या थरात खोडाला गळफास लावणारी मुळं सोडतं.

बहुवर्षायू फुलझाडांचं वाळकं खोड कापायची घाई नको. पोकळ दांड्यांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या हिवाळा काढतात. दिवसाचं तापमान सातत्याने 10 अंशांवर गेलं की कापावं, आणि तेव्हाही वीत-दीड वीत खुंट ठेवावेत. शोभेचं उंच गवत आधी दोरीने पेंढीसारखं आवळून मग 10 ते 15 सेंटिमीटरवर कापलं तर पाती बागभर उडत नाहीत. उन्हाळ्यानंतर फुलणाऱ्यांचे गड्डे आता विभागावेत. वसंतात फुलणाऱ्यांना आता उकरलं तर यंदाचं फूल गेलं.

माती न ठेवता उघड्या मुळांनी आलेली रोपं डोळे फुटण्याआधी लावायची. मुळं तास-दोन तास पाण्यात, खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण मुळांपेक्षा खोल नाही. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. झुडूप हलवायचं असेल तर मुळांसकट उचलायच्या मातीच्या गड्ड्याचा व्यास खोडाच्या जाडीच्या दहा-बारा पट धरावा.

यानंतर सहा-आठ आठवड्यांनी लाल दोऱ्यांकडे परत यायचं. एव्हाना बहुतेक काड्यांवर दोऱ्याखालचे डोळे फुटलेले असतात. सगळ्यात वरच्या फुटलेल्या डोळ्याच्या 5 मिलिमीटर वर काप घ्यायचा. काही ठिकाणी फूट दोऱ्याच्याही वर आलेली सापडते. नखाने मेलेलं म्हटलेलं जिवंत निघतं, आणि कात्री घरात ठेवल्याचं बरं वाटतं. काहीच फुटलं नसेल तर बुडाशी पुन्हा खरवडायचं. हिरवं असेल तर आणखी थांबायचं. तपकिरी असेल आणि मूळही उकरल्यावर काडीसारखं तुटत असेल तर झुडूप काढायचं. दोरे मात्र सगळे मोजून सोडवायचे. विसरलेला दोरा वाढत्या काडीत रुततो आणि पुढच्या वर्षी तिथेच काडी मोडते.